ट्रान्सपोर्टेशनचा पहिला चॅप्टर पाठ करू की विषयच सोडू?

“ताई नमस्कार. मी सिव्हिलच्या थर्ड इयरला आहे, कॉलेज पुण्यातच. या सेमला हायवे आणि ट्रान्सपोर्टेशनचा पेपर आहे आणि पहिल्याच चॅप्टरला माझा मूड गेलाय. जयकर कमिटी १९२७, नागपूर प्लॅन, बॉम्बे प्लॅन, लखनौ प्लॅन, मग रस्त्यांचे प्रकार, मग मॅकॅडम. सर म्हणतात ओरलला हेच विचारतात, पाठ करा. पुढच्या सेमला इलेक्टिव्ह निवडायचाय. मामा बांधकाम लाइनमध्ये आहे, तो म्हणतो स्ट्रक्चर घे, हायवेवाले म्हणजे डांबरवाले, आयुष्यभर उन्हात रोलरच्या मागे फिरशील. आईला साइटची भीती वाटते. दादा हिंजवडीला आयटीत आहे, तो म्हणतो कोडिंग शीक आणि मोकळी हो. या विषयात पाठांतराच्या पलीकडे काही आहे का तेच मला कळत नाहीये. स्पष्ट सांगा.
— गोंधळलेली, धायरी”

अगं, स्पष्ट सांगा म्हणालीस म्हणून स्पष्टच सांगते, तो पहिला चॅप्टर ज्या पद्धतीने शिकवतात ती पद्धत बोअरच आहे, तुझं काही चुकलेलं नाही. घोळ असा होतो की त्यातलं प्रत्येक नाव आणि साल म्हणजे कुणीतरी कधीतरी अडकून पडलं होतं त्याचं उत्तर असतं, आणि पुस्तकात फक्त उत्तरं छापतात, प्रश्न गाळून टाकतात. मग नुसती उत्तरं वाचून कुणालाही झोप येणारच. मी गेली बरीच वर्षं इथेच पुण्यात हायवेच्या डिझाइनमध्ये काम करते, म्हणून तुला ते गाळलेले प्रश्न सांगते, इलेक्टिव्हचं मग बघू.

जयकर कमिटीच घे. पहिलं महायुद्ध संपल्यावर देशात मोटारी, लॉऱ्या भराभर वाढायला लागल्या आणि रस्ते होते सगळे बैलगाडीच्या हिशोबाने केलेले. लोखंडी धावेच्या चाकाखाली खडी दाबली जाते, पण रबरी टायर जोरात गेला की तोच रस्ता उखडतो, धुरळा होतो. आणि रस्ते दुरुस्त करायची जबाबदारी प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या गळ्यात, ज्यांच्याकडे पैसाच नाही. मोटार मुंबईहून निघून चार जिल्ह्यांतून जाणार आणि खड्डे बुजवायचे कुणी, तर मधल्या लोकल बोर्डाने! तर प्रश्न साधा होता, पैसा कुणी द्यायचा? १९२७ ला बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली कमिटी बसली, १९२८ ला रिपोर्ट आला, आणि त्यांचं म्हणणं होतं की रस्ते हा देशाचा विषय धरा आणि जो गाडी चालवतो त्याच्याकडूनच पेट्रोलवर जादा कर घ्या. १९२९ पासून सेंट्रल रोड फंड सुरू झाला तो त्यातूनच. तू आज पंपावर ॲक्टिव्हात पेट्रोल भरतेस ना, त्यात आजही रस्त्यांच्या नावाचा सेस असतो. त्याच कमिटीच्या शिफारशीतून पुढे १९३४ ला इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे आपली आयआरसी आली, जिचे कोड तू पुढचं सगळं सेमिस्टर शिव्या देत वापरणार आहेस, आणि १९५० च्या सुमारास दिल्लीची सीआरआरआय ही संस्था आली रस्त्यांच्या संशोधनासाठी. आणि हे जयकर म्हणजे तेच, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय त्यांच्याच नावाचं. ओरलला हे एक वाक्य टाकून बघ, एक्स्टर्नल पुढचं विचारायचं विसरतात.

नागपूर प्लॅन १९४३ चा, तिथे प्रश्न वेगळा. देशाला रस्ता किती पुरे? आणि कुठला रस्ता कुणाचा? तेव्हा देशातले चीफ इंजिनिअर नागपुरात जमले आणि ठरवलं की वीस वर्षांत दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता झाला पाहिजे. बॉम्बे प्लॅनने तो आकडा ३२ केला, लखनौ प्लॅनने ८२. हे तीन आकडे लक्षात राहिले तरी पुष्कळ, बाकीचे फॉर्म्युले परीक्षेपुरतेच. मला त्यातला महत्त्वाचा भाग वाटतो तो रस्त्यांच्या प्रकारांचा, नॅशनल हायवे, स्टेट हायवे, मोठा जिल्हा रस्ता, इतर जिल्हा रस्ता, ग्रामीण रस्ता. ही पाच नावं नुसती वाचली तर कंटाळवाणी आहेतच, पण पुण्यात खड्ड्याची तक्रार करायला कधी गेलीस तर पहिलं वाक्य हेच ऐकशील, “हा रस्ता आमच्याकडे येत नाही.” महापालिका, पीडब्ल्यूडी, नॅशनल हायवेवाली एनएचएआय, आणि मधला सर्व्हिस रोड कुणाचाच नाही. रस्ता कुठल्या प्रकारात बसतो यावर त्याचा पैसा, रुंदी, डिझाइन स्पीड सगळं ठरतं, सपाट भागात नॅशनल हायवेला १०० चा स्पीड धरतात आणि ग्रामीण रस्त्याला ५० चा. देशातल्या एकूण रस्त्यांत नॅशनल हायवे लांबीने जेमतेम २ टक्के आणि वाहतूक मात्र साधारण ४० टक्के त्यांच्यावर, मग पैसा कुठे जातो ते कळलंच असेल.

(मैलाच्या दगडाचा वरचा रंग पण बघत जा, पिवळा नॅशनल, हिरवा स्टेट, केशरी पंतप्रधान ग्रामसडकचा. आणि आपल्या बायपासला सगळे काका लोक अजून एनएच फोरच म्हणतात, पण २०१० ला नंबर बदलले, तो आता ४८ आहे, उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे आणि पूर्व-पश्चिमवाल्यांना विषम, म्हणून आपला सोलापूर रोड ६५.)

आता खऱ्या विषयाकडे येते, आणि तू धायरीत राहतेस म्हणजे या विषयाचा सगळ्यात मोठा धडा तुझ्या घराजवळच आहे. बायपासवरचा नवले पूल.

तिथले ॲक्सिडेंट तू लहानपणापासून ऐकत असशील, नोव्हेंबर २०२२ मध्ये तर एकाच अपघातात चाळीसच्या वर गाड्या चेपल्या गेल्या होत्या. दर वेळी बातमी येते “ब्रेक फेल”, आणि आपण म्हणतो ड्रायव्हर नालायक. आता जरा इंजिनिअर म्हणून बघ. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की दरी पुलावरून नऱ्ह्यापर्यंत रस्ता सलग खाली येतो. उतार डोळ्याला फार वाटत नाही, टू व्हीलरवर तर कळतही नाही. पण भरलेला ट्रक घेऊन साताऱ्याकडून घाट चढून आलेला ड्रायव्हर बोगदा संपला की सुटकेचा नि:श्वास टाकतो, आणि कित्येक जण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतात. गियरमध्ये गाडी असली की इंजिन स्वतःच गाडीला धरून ठेवतं, न्यूट्रलला टाकली की ते संपलं, सगळा भार ब्रेकवर. सलग उतारावर ब्रेक दाबत राहिलं की ड्रम तापतो, तापला की पकड जाते, पाय दाबलेलाच असतो आणि गाडी थांबत नाही. इंजिनच बंद केलं असेल तर अजून वाईट, कारण एअर ब्रेकची हवा इंजिनवरच्या कॉम्प्रेसरमधून येते. आणि हे सगळं नेमकं कुठे होतं, तर जिथे उतार संपतो तिथे सर्व्हिस रोडची वाहतूक हायवेत घुसते, रिक्षा थांबलेली असते, खासगी बसवाला पॅसेंजर भरत असतो, आणि तू ॲक्टिव्हावर कॉलेजला निघालेली असतेस.

या उताराला पुस्तकात ग्रेडियंट म्हणतात. सपाट मुलखात साधारण ३.३ टक्के म्हणजे तीस मीटरला एक मीटर हा नेहमीचा उतार, अगदीच नाइलाज असेल तर ६.७ टक्क्यांपर्यंत. पोरं हे आकडे पाठ करतात आणि खालची ओळ वाचतच नाहीत, जिथे उताराच्या लांबीबद्दल लिहिलेलं असतं. तीन-चार टक्के उतार दोनशे मीटर असणं आणि तोच काही किलोमीटर सलग असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो उतार शहराच्या तोंडाशी आणून सोडणं हा तिसराच प्रकार. आता याच्यात स्टॉपिंग साइट डिस्टन्स घाल, म्हणजे समोरचं दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर. ताशी ८० च्या स्पीडला ड्रायव्हरला समोरचं दिसून डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत आयआरसी अडीच सेकंद धरते, तेवढ्यात गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक अजून लागलेलाच नाही! मग ब्रेक लागून थांबायला आणखी सत्तर-एक मीटर. म्हणजे एकूण सव्वाशे मीटर, तेही सपाट रस्त्यावर आणि ब्रेक थंड असताना. उतारावर वाढतं, आणि तापलेल्या ब्रेकसाठी फॉर्म्युलाच नाही. रम्बलर म्हणजे गाडी खडखडवणारे आडवे पट्टे लावले, स्पीड लिमिट कमी केलं, कॅमेरे लावले, सगळं ठीक आहे, उपयोगही होतो, पण माझ्या मते जोपर्यंत लांबून येणारी जड वाहतूक आणि धायरी-नऱ्हे-आंबेगावची रोजची वाहतूक एकाच पट्ट्यावर आहे तोपर्यंत हे वरवरचंच. केंद्राच्या व्याख्येनुसार नॅशनल हायवेवर साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की तो ब्लॅक स्पॉट, म्हणजे अपघाताची धोक्याची जागा. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १ लाख ६८ हजारांच्या वर माणसं गेली. तुझ्या मामाला विचार, बिल्डिंग पडून किती जातात.

आणि जुन्या कात्रज घाटातून कधी गेलीस तर वळणावर बघ, बाहेरची कड उचललेली असते, ते सुपरएलिव्हेशन. घाटात १० टक्क्यांपर्यंत, सपाटीला ७ च. जास्त का नाही, तर आपल्याकडे त्याच वळणावर उसाची बैलगाडी पण हळूहळू जाते आणि ती आतल्या बाजूला कलंडेल म्हणून. रेस ट्रॅकसारखा रस्ता आपल्याकडे का नसतो याचं उत्तर बैलगाडी आहे, मला हे भारी वाटतं.

आता मामाचं डांबर. मामा म्हणतो ते अर्धं खरं आहे, आपण डांबरवालेच. पण डांबर रस्ता उचलून धरत नाही हे त्याला सांग. रस्ता उभा असतो तो खालच्या मातीवर, मुरुमावर, सोलिंग आणि खडीवर, डांबराचं मुख्य काम वरून पाणी आत जाऊ न देणं आणि खडी धरून ठेवणं. मॅकॅडम हा स्कॉटिश इंजिनिअर त्या चॅप्टरमध्ये का आहे माहितीये? त्याच्या आधी लोक जाडजूड दगड खाली रचून रस्ता मजबूत करायचे, रोमन लोकांचे रस्ते तर मीटर-मीटर जाड. मॅकॅडमने सांगितलं की खालची माती कोरडी ठेवा आणि तिलाच मधून उंच-बाजूला उतरती करा, पाणी वाहून जाईल, मग वर साधारण २५ सेंटीमीटर फोडलेली खडी पुरते. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी माणूस सांगून गेला की रस्त्याचा शत्रू पाणी आहे आणि पुण्यात दर जुलैमध्ये आपण ते नव्याने शोधून काढतो.

तुला एक काम सांगते, पुढचा मोठा पाऊस थांबला की अर्ध्या तासाने तुझ्या गल्लीतून नाहीतर सिंहगड रोडवरून चालत जा, गाडी नको. पाणी कुठे साचलंय ते बघ. रस्त्याला मधून कडेला साधारण २ टक्के उतार पाहिजे, म्हणजे मीटरला दोन सेंटीमीटर, इतकंच, पण तेवढंही बऱ्याच ठिकाणी सापडणार नाही. कारण दर दोन-तीन वर्षांनी वर नवीन थर टाकलाय, कडेची गटाराची जाळी खाली राहिलीय, चेंबरचं झाकण खड्ड्यात गेलंय, पाणी जायचं तिथे चढ झालाय. मग जिथे पाणी साचलंय तिथल्या खड्ड्याची कड वाकून बघ, बोटाने खडी हलवून बघ. डांबर खडीवरून सुटून आलेलं दिसेल, खडा स्वच्छ धुतल्यासारखा. दगडाला डांबरापेक्षा पाणी जास्त चिकटतं, एकदा भेगेतून आत गेलं की डांबराला सोलून काढतं, वरून बसचं चाक गेलं की ते पाणी पिचकारीसारखं दाबलं जातं आणि बारीक माल बाहेर फेकतं, आणि दोन दिवसांत वाटीएवढ्याचा परातीएवढा खड्डा होतो. आणि बहुतेक वेळा याची सुरुवात कुठून तर कुणीतरी केबलसाठी नाहीतर पाण्याच्या लाइनसाठी चर खोदला, माती कशीतरी लोटली, रोलिंग केलं नाही, वरून पॅच मारला. चर खचतो, भेग पडते, पुढचं वर सांगितलंच.

उलटं उदाहरणही पुण्यातलंच, जंगली महाराज रोड. १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची गॅरंटी देऊन केला आणि त्याच्या कितीतरी पुढे तो टिकला, पुणेकर अजून अभिमानाने सांगतात. लोक म्हणतात काय माहीत काय डांबर वापरलं होतं. जादूचं डांबर वगैरे काही नसतं गं, खालचे थर नीट, मिक्स गरम असतानाच दाबलेलं, पाणी काढून दिलेलं, आणि उठसूट खोदला नाही, एवढं केलं की रस्ता टिकतो. शेवटचं सगळ्यात अवघड.

लॅबमध्ये मातीची ताकद मोजणारी सीबीआर टेस्ट येईल तेव्हा हेच डोक्यात ठेव. मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग ५० मिलीमीटरचा दांडा हळूहळू आत दाबतात. चार दिवस का, तर रस्त्याखालची माती पावसाळ्यात सगळ्यात वाईट अवस्थेत कशी वागेल ते बघायला. आपल्याकडे काळी माती आहे, पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, सोलापूर रोडला जा, कडेच्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा दिसतील. त्या मातीचा सीबीआर दोन-तीनवर येतो कधी कधी, मग तिथे मुरूम घालून, चुना नाहीतर सिमेंट मिसळून मातीच सुधारावी लागते. पोरं रीडिंग एकमेकांची कॉपी करतात या टेस्टला. तू करू नकोस, या एका आकड्यावर सगळ्या थरांची जाडी ठरते.

आणि रस्ता नक्की मोडतं कोण? १९५८ ते ६० अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर दिवसरात्र ट्रक फिरवले आणि रस्ता खराब कसा होतो ते मोजलं, आशो रोड टेस्ट म्हणतात त्याला. निघालं असं की एक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होतं, म्हणजे नुकसान वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. आपण ८.१६ टनाचा एक्सल स्टँडर्ड मानतो आणि त्याचं नुकसान एक धरतो. २०१८ ला सरकारने मालवाहू गाड्यांच्या एक्सलची मर्यादा वाढवली, चार टायरच्या सिंगल एक्सलला १०.२ टनाची ११.५ टन केली, कॅल्क्युलेटरवर करून बघ, अडीच पटीवरून जवळजवळ चार पटीवर गेलं, आणि हा कायद्यात बसणारा ट्रक! वाळूचा ओव्हरलोड डंपर वेगळाच. तुझ्या ॲक्टिव्हाने किंवा दादाच्या कारने रस्त्याला काहीही होत नाही, एका ट्रकच्या एक्सलएवढं नुकसान करायला कारला हजारो वेळा जावं लागेल. म्हणून डिझाइनमध्ये आपण गाड्या मोजतच नाही, वीस वर्षांत किती दशलक्ष स्टँडर्ड एक्सल जाणार ते मोजतो. ज्याला हे कळलं त्याला पेव्हमेंट डिझाइनचा अर्धा भाग कळला.

आता ट्रान्सपोर्टेशन म्हणजे दुसरा अर्धा, जो कॉलेजात शेवटच्या आठवड्यात घाईघाईत उरकतात आणि पुण्यात ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे. इथे प्रश्न रस्त्याचा नसतो, माणूस कुठून कुठे का जातो याचा असतो. किती ट्रिपा निर्माण होतात, त्या कुठे जातात, कशाने जातात, कुठल्या रस्त्याने जातात, चार पायऱ्या. यातल्या पहिल्या तीन न बघता एकदम चौथीवर उडी मारली की काय होतं? चौकात फ्लायओव्हर होतो. विद्यापीठ चौकातला फ्लायओव्हर आठवतोय का, तू शाळेत असशील, २०२० ला पाडला मेट्रोसाठी, बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती. चांदणी चौकातला पूल ऑक्टोबर २०२२ ला स्फोटकांनी उडवला, नवीन रचना ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली, तिथे मुळशीकडची, कोथरूडची, बायपासची वाहतूक वेगवेगळी केली म्हणून फरक पडला हे मान्य. पण नुसता पूल बांधला की कोंडी पुढच्या चौकात जाते हे तुझ्या शेजारचा रिक्षावाला पण सांगेल. त्याच्याही पुढची गंमत म्हणजे १९६८ ला ब्रेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने दाखवून दिलं की जाळ्यात एक नवीन रस्ता जोडल्यावर कधी कधी सगळ्यांचाच वेळ वाढतो. सगळ्यांचा! दादाला सांग, ग्राफ थिअरी आहे, त्याला आवडेल.

बीआरटीबद्दल, म्हणजे बसच्या वेगळ्या लेनबद्दल, पुण्यात बोललं की भांडणं होतात म्हणून थोडक्यात, २००६ ला देशात पहिल्यांदा आपण कात्रज-स्वारगेट-हडपसर सुरू केलं, कल्पना चूक नव्हती असं माझं मत आहे. मोजायला गाडी घेतलीस तर बस म्हणजे तीन कार, पण माणसं मोजलीस तर बसमध्ये पन्नास-साठ. बसथांब्यापर्यंत माणूस रस्ता ओलांडून जाणार कसा, बस येणार किती मिनिटांनी, याचा विचार नंतर झाला, तिथे फसलं.

या “तीन कार”च्या हिशोबाला पीसीयू म्हणजे पॅसेंजर कार युनिट म्हणतात, कार एक, टू व्हीलर अर्धी, ट्रक-बस तीन. पुण्याच्या सिग्नलला उभी राहून बघ हे आकडे किती डळमळीत आहेत. सिग्नल लाल असताना टू व्हीलरवाले फटीफटीतून पुढे येऊन झेब्रावर जमतात, हिरवा व्हायच्या आधीच सुटतात, पहिल्या चार सेकंदांत पंधरा-वीस निघून जातात, मागची कार अजून गियरमध्येच आहे. परदेशातली थिअरी लेनमध्ये एकामागे एक चालणाऱ्या गाड्यांवर उभी आहे, वेबस्टरचं १९५८ चं सिग्नलचं सूत्र तू शिकशील तेही तसंच. आपल्याकडे लेन कागदावर. म्हणून इथे अजून खूप काम करायचं बाकी आहे, बीईच्या पोरीला पण स्वतःचं काहीतरी काढता येईल असं, जे स्ट्रक्चरमध्ये सहसा मिळत नाही. स्ट्रक्चर वाईट आहे असं नाही म्हणत हं, चांगली पोरं लागतात तिथे, फक्त तिथे बीम तुझ्या मनासारखा वागतो, इथे पुणेकर वागत नाही.

नोकरीचं. हायवेमध्ये कामं चार-पाच तऱ्हेची असतात आणि रोलरच्या मागे फिरणं हे त्यातलं एक. डिझाइन कन्सल्टन्सी आहे, जिथे डीपीआर म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, अलाइनमेंट म्हणजे रस्त्याची आखणी, ड्रॉइंग, सगळं कॉम्प्युटरवर. ट्रॅफिक स्टडी आणि मॉडेलिंग आहे, तिथे डेटा हाताळता येणारी माणसं खरंच हवी असतात, म्हणजे दादा म्हणतो ते कोडिंग शिकच, पायथन शीक, ते वाया जाणार नाही. लॅब आणि क्वालिटी आहे. रस्ता सुरक्षेचं ऑडिट आहे. सरकारी बाजूला पीडब्ल्यूडी, महापालिका, राज्याचं रस्ते महामंडळ एमएसआरडीसी, त्यासाठी परीक्षा द्याव्या लागतात. पुढे शिकायचं असेल तर गेट देऊन एमटेक, आयआयटी मुंबईला ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम्स आहे. आणि पुण्यात भोसरीला सीआयआरटी आहे १९६७ पासून, बस वाहतुकीवर काम करणारी, सिव्हिलच्या पोरांना माहीतच नसते, वेबसाइटवर इंटर्नशिपचं बघून एक मेल टाक, फार तर उत्तर येणार नाही. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असतो, हे लपवून उपयोग नाही. आणि पहिली एक-दोन वर्षं साइट बघितल्याशिवाय डिझाइनला बसलीस तर ड्रॉइंगमध्ये सुंदर आणि जमिनीवर अशक्य असे रस्ते काढशील.

आईची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. साइट गावाबाहेर असते, टॉयलेटची सोय हा खरा प्रश्न आहे, संध्याकाळी परत यायला गाडी आहे का हाही. म्हणून इंटरव्ह्यूमध्ये लाजायचं नाही, सरळ विचारायचं, कॅम्प कुठे आहे, राहायची सोय काय, आणखी मुली आहेत का, रात्रीचं डांबरीकरण असेल तर ने-आण कोण करतं. नीट उत्तर देणारे देतात, उडवाउडवी केली तर ती नोकरी नको. आईला पण हे प्रश्न दाखव, तिला बरं वाटेल की पोरीने विचार केलाय.

आता इलेक्टिव्ह. माझं म्हणणं, मला किंवा मामाला विचारून ठरवू नकोस. एखादी मैत्रीण घे आणि एका कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा एका चौकात मोज. वहीत रकाने पाड, टू व्हीलर, रिक्षा, कार, बस, ट्रक, टेम्पो, सायकल, आणि दर पंधरा मिनिटांनी नवीन ओळ. एकीने सरळ जाणाऱ्या मोजायच्या, दुसरीने उजवीकडे वळणाऱ्या. मग घरी येऊन पीसीयू लाव, कुठल्या पंधरा मिनिटांत सगळ्यात जास्त गेल्या ते काढ, सिग्नलला हिरवा किती सेकंद मिळतो ते लिहून आणलं असशील तर तो बरोबर आहे का ते बघ. हे करताना कंबर दुखेल, धूर खाशील, कुणीतरी विचारेल मॅडम सर्व्हे कसला. तासाभरात जर वाटलं की कधी एकदा संपतंय, तर खुशाल स्ट्रक्चर घे, त्यात कमीपणा काही नाही. आणि जर मोजता मोजता डोक्यात यायला लागलं की अरे ही उजवीकडची रांग इथे का तुंबतेय, बसथांबा पुढे पन्नास मीटर असता तर, तर फॉर्मवर ट्रान्सपोर्टेशन लिही आणि हीच शीट घेऊन सरांकडे प्रोजेक्ट मागायला जा.

फक्त चौक आतला निवड, फुटपाथ असलेला, राजाराम पुलाजवळ वगैरे, आणि तिथल्या ट्रॅफिक हवालदारांना आधी सांगून ठेव, ते बऱ्याचदा स्वतःहून जास्त माहिती देतात. नवले पुलावर नको. तिथलं बघायचंच असेल तर हायवेच्या कडेला उभं न राहता कॉलेजचं पत्र घेऊन, सरांबरोबर, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घालून.